क्षुल्लकाचे कर्तृत्व : कथात्म साहित्यातील निवडीचा प्रश्न

१

कथात्म साहित्याविषयी बोलताना आपल्याकडे 'कलाटणी' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. कोणत्या प्रसंगाने नायकाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली, हा प्रश्न विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेपासून गंभीर समीक्षालेखापर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एखाद्या ठळक घटनेत शोधले जाते : मृत्यू, विवाह, विश्वासघात, स्थलांतर, धर्मांतर. या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले आहे. आयुष्य एरवी सरळ रेषेत चाललेले असते. एखाद्या क्षणी त्याच्यावर आघात होतो आणि ते दिशा बदलते. उरलेले सारे दिवस म्हणजे केवळ दोन वळणांमधले अंतर, असे हे गृहीतक होय.

हे गृहीतक आले कोठून? ॲरिस्टॉटलने स्थितिविपर्यास आणि अभिज्ञान या संकल्पना मांडल्या त्या शोकात्मिकेच्या संदर्भात. काही तासांत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत संपणाऱ्या नाट्यप्रकाराला अशा घनीभूत क्षणांची गरज असतेच. कादंबरीचे तसे नाही. तिच्याजवळ वेळ असतो. पात्रांचे जेवणखाण, उधारी, आजारपणे, आळस, टाळाटाळ या सर्वांना ती जागा देऊ शकते. असे असूनही आपण कादंबरी वाचतो ती नाटक वाचल्यासारखी. वळणे मोजतो आणि मधला मजकूर वातावरणनिर्मितीच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखात या मधल्या मजकुराची बाजू मांडावयाची आहे. माणसाच्या आयुष्याचे वळण ज्या कृतींनी ठरते त्या करताना 'आपण आता निवड करीत आहोत' असे त्याला बहुधा वाटतच नाही, आणि अशा कृतींचे स्वरूप दाखविण्याची क्षमता हे कथात्म गद्याचे वैशिष्ट्य आहे, असे येथील प्रतिपादन आहे. मात्र एवढ्यावर थांबता येणार नाही. कोणती कृती 'लहान' हे ठरवितो कोण, हा प्रश्न त्यातूनच उपस्थित होतो. आणि या प्रश्नाशी मराठी साहित्याने केलेली झटापट युरोपीय कादंबरीपेक्षा वेगळी आणि काही बाबतींत अधिक मूलगामी आहे.

२

या विषयाची सर्वांत धारदार मांडणी टॉलस्टॉयने केली आहे, आणि तीही साहित्यविषयक ग्रंथात नव्हे. माणसे दारू-तंबाखूने स्वतःला गुंगी का आणतात, या विषयावर त्याने १८९० मध्ये एक निबंध लिहिला. त्यात ब्र्युलोव्ह या रशियन चित्रकाराची आख्यायिका येते. ब्र्युलोव्हने एका शिष्याच्या चित्रात किंचितसा फेरफार केला. शिष्य चकित झाला. गुरूने जवळजवळ काहीच केले नव्हते आणि तरी चित्र पार बदलले होते. तेव्हा, हे 'किंचित' जेथे सुरू होते तेथेच कला सुरू होते, अशा आशयाचे उत्तर ब्र्युलोव्हने दिले. टॉलस्टॉय म्हणतो की कलेविषयीचे हे विधान सर्व जीवनाला लागू आहे. खरे जीवन घडते ते मोठ्या बाह्य हालचालींत नव्हे, तर जाणिवेतील अतिसूक्ष्म, जवळजवळ न दिसणाऱ्या बदलांत.

उदाहरण म्हणून तो डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) या कादंबरीचा नायक घेतो. त्याच्या मते रास्कोल्निकोव्हचे आयुष्य त्याने म्हातारीवर कुऱ्हाड उगारली त्या क्षणी ठरलेले नाही. तो आपल्या खोलीत कोचावर नुसता पडून होता, म्हातारीचा विचारही करीत नव्हता, पीटर्सबर्गमध्ये राहावे की राहू नये, आईकडून पैसे घ्यावेत की घेऊ नयेत असल्या प्रश्नांत घोटाळत होता, तेव्हाच ते ठरून गेले. खून हा केवळ शेवटचा दुवा होय.

हे वाचन पटण्यासारखे आहे का? डोस्टोव्हस्की आणि टॉलस्टॉय यांचे कालानुभव परस्परांहून भिन्न आहेत, याकडे बाख्तिनने लक्ष वेधले आहे. डोस्टोव्हस्कीचा काळ हा उंबरठ्याचा, जिन्याचा, क्षणार्धात सर्व काही उलथून टाकणाऱ्या पेचप्रसंगाचा. टॉलस्टॉयचा काळ घरादारांतून संथपणे वाहणारा, चरित्रात्मक. तेव्हा टॉलस्टॉयने दुसऱ्याच्या कादंबरीत स्वतःचा काळ घुसडला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु संहितेकडे परत गेल्यास आक्षेपाचा जोर कमी होतो. मोलकरीण नास्तास्या रास्कोल्निकोव्हला विचारते की हल्ली तू काहीच काम कसे करीत नाहीस. आणि तो गंभीरपणे सांगतो की आपण काम करतो, विचार करण्याचे. ती हसू लागते. हा प्रसंग आपण विनोद म्हणून ओलांडतो. पण शिकवण्या सोडून देणे, भाडे थकविणे, मित्राच्या दारापर्यंत जाण्याचे मनात आणून न जाणे, अशा कितीतरी न-कृतींची मालिका येथे आहे. यातली एकही गुन्हा नाही. एकीचाही खुनाशी उघड संबंध नाही.

याउलट ज्याला सर्वजण निर्णायक मानतात तो प्रसंग पाहावा. वाट वाकडी करून, काही कारण नसताना, रास्कोल्निकोव्ह गवतबाजाराच्या चौकातून घरी जातो. आणि उद्या संध्याकाळी म्हातारीची बहीण लिझावेता घरी नसणार, ही माहिती अचानक त्याच्या कानी पडते. येथे त्याला नियतीचे बोट दिसते. परंतु निवेदक एक सूचक तपशील पुरवितो : या योगायोगाचे गूढ त्याला भेडसावू लागले ते नंतर, ते दिवस आठवताना. म्हणजे नियती घटनेत नाही, स्मरणात आहे. मागे वळून पाहणारा रास्कोल्निकोव्ह चौकातली ती पाच मिनिटे निवडतो. कारण चौकाने घडविले असे म्हटले की कोचावरच्या महिन्याभराचा जाब द्यावा लागत नाही. कलाटणीची भाषा ही अनेकदा अशी सोयीची भाषा असते. ती बोलणाऱ्याला जबाबदारीतून मुक्त करते. आणि तिच्यावर विसंबणारा समीक्षक पात्राच्या आत्मवंचनेलाच कादंबरीचा आशय समजून बसतो.

अमेरिकी अभ्यासक गॅरी सॉल मॉर्सन याने १९९० नंतरच्या आपल्या लेखनात या दृष्टीला सैद्धांतिक रूप दिले. 'कथन आणि स्वातंत्र्य' या विषयावरील त्याच्या १९९४ च्या ग्रंथातील प्रतिपादन थोडक्यात असे : जे घडले त्याच्या शेजारीच जे घडू शकले असते त्याच्याही सावल्या असतात. कथानकाचा शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे आपण या सावल्या पुसून टाकतो आणि मग घडलेले अटळ वाटू लागते. ही मांडणी उपयुक्त आहे. पण तिच्या मर्यादा पुढे दिसतील.

३

लहान कृतींना महत्त्व देणाऱ्या या विचारावर एक गंभीर आक्षेप संभवतो. टॉलस्टॉयच्या त्या निबंधातच तो दडलेला आहे. निर्णायक क्षणी एक पेला बीअर किंवा एक सिगारेटदेखील विवेक झाकोळू शकते, असे तो बजावतो. आणि कादंबरीकार अदृश्य होऊन उपदेशक पुढे येतो. प्रत्येक लहान गोष्ट महत्त्वाची आहे असे म्हणताच साहित्य संपते आणि सदाचाराची पोथी सुरू होते. शिवाय हे खरेही नाही. बहुतेक लहान कृतींतून काहीच निष्पन्न होत नाही. आज या रस्त्याने गेलो काय आणि त्या रस्त्याने गेलो काय, सहसा काही बिघडत नाही.

जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' (१८७१–७२) या आक्षेपाला उत्तर देते, आणि तेही उपदेशाशिवाय. लिडगेट हा तरुण डॉक्टर शरीरातील मूलभूत ऊती शोधून काढण्याची महत्त्वाकांक्षा घेऊन मिडलमार्च गावी येतो. इस्पितळाच्या धर्मोपदेशकाच्या जागेसाठी मतदान व्हावयाचे असते. एकीकडे फेअरब्रदर : गरजू, सज्जन, लिडगेटला मनापासून आवडणारा. दुसरीकडे टाइक : इस्पितळाचा आश्रयदाता बुल्स्ट्रोड याच्या पसंतीचा. लिडगेटच्या दृष्टीने ही बाब इतकी किरकोळ आहे की सभागृहात पोहोचेपर्यंत त्याने काही ठरविलेलेही नसते. तो उशिरा पोहोचतो. मते समसमान पडलेली असतात. कोणीतरी टोमणा मारतो की तुमचे मत कोणाला हे ठाऊकच आहे. तो डिवचला जातो आणि टाइकचे नाव लिहितो.

येथे एलियटचे कौशल्य कशात आहे? या मतदानामुळे लिडगेटचा नाश होतो असे ती म्हणत नाही. तसा कार्यकारणभाव लावू गेल्यास तो सापडतही नाही. लिडगेट बुडतो तो अनेक धाग्यांनी : ऐपतीबाहेरचे घर, जेवणाच्या भांड्यांचा महागडा संच, रोझमंडशी जवळजवळ नकळत ठरलेला विवाह, त्यातून आलेले कर्ज आणि शेवटी बुल्स्ट्रोडने दिलेले हजार पौंड, जे स्वीकारल्यामुळे एका मृत्यूच्या संशयाचे शिंतोडे त्याच्यावर उडतात. भांडी विकत घेताना त्याने विज्ञानाचा त्याग केलेला नसतो. चांगल्या घरात चांगली भांडी असावयाचीच, एवढेच त्याला वाटते. संशोधनाविषयी तो जितका चिकित्सक, तितकाच घरगुती वस्तूंविषयी बेसावध. आपल्या जीवनाचा एक भाग विचाराला योग्य आणि दुसरा विचार करण्याच्या लायकीचाच नाही, अशी वाटणी त्याने केलेली असते. कादंबरी त्याला शिक्षा देत नाही. ती ही वाटणी चुकीची असल्याचे दाखविते. शरीराच्या मूळ ऊती शोधू पाहणारा हा संशोधक अखेरीस संधिवातावर एक पुस्तक लिहून, श्रीमंत रुग्ण सांभाळत, पन्नाशीत मरतो.

तेव्हा 'प्रत्येक लहान गोष्ट महत्त्वाची' हे येथील सूत्र नव्हे. कोणती गोष्ट महत्त्वाची ठरेल हे आधी कळत नाही, हे सूत्र आहे. पहिल्या विधानातून सदाचार निघतो, दुसऱ्यातून अवधान. टॉलस्टॉयनेही कथाकार म्हणून हा भेद पाळला आहे. 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) या कथेत नायक नव्या घरातले पडदे कसे लावायचे हे कारागिराला दाखविताना शिडीवरून घसरतो आणि त्याच्या बरगडीला मार लागतो. वाचक येथे कलाटणी नोंदवितो. पण कथेचा रोख त्या घसरण्यावर नाही. हा माणूस त्या शिडीवर का चढला होता, यावर आहे. ज्यांना मान आहे अशांना जे बरे वाटते ते आपल्यालाही बरे वाटू द्यावयाचे, हे त्याने विवाहापासून पडद्यापर्यंत सर्वत्र निवडलेले असते. प्रत्येक निवड वेगळी घेतली तर निर्दोष आहे. त्यांची बेरीज भयानक आहे.

४

मराठीकडे वळताना एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. लिडगेटची भांडी ही त्याची खासगी बाब आहे. ती घेतली किंवा न घेतली तर समाज त्याला बहिष्कृत करणार नाही. ज्या समाजात भांडे कोणाचे, पाणी कोणाच्या हातचे, स्वयंपाक कोणत्या वस्त्राने करावयाचा हे सर्व आचाराने आधीच निश्चित केलेले असते, तेथे 'लहान' या शब्दाचा अर्थच बदलतो. रोजच्या क्षुल्लक कृती येथे क्षुल्लक नसतातच; त्या समाजव्यवस्थेच्या सह्या असतात, आणि व्यक्ती त्या दिवसातून अनेकदा करीत असते. अशा ठिकाणी निवड कोठे संभवते, याचा सर्वांत उद्बोधक दस्तऐवज कादंबरी नसून आत्मकथन आहे : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली.

या ग्रंथात एकाच घरातील दोन धर्मांतरे आहेत आणि ती दोन वेगळ्या कथनपद्धतींनी घडतात. नारायण वामन टिळकांचे धर्मांतर ही खरीखुरी कलाटणीची कथा आहे. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाची गाठ, त्याने दिलेला 'नवा करार', दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचे भाकीत, आणि त्याप्रमाणे १८९५ मध्ये मुंबईस घेतलेला बाप्तिस्मा. आरंभ, भाकीत, पूर्ती. कथानकाला याहून अधिक काय हवे? टिळकांच्या चरित्राची चर्चा होते तेव्हा ही आगगाडी हटकून येते, आणि ते स्वाभाविक आहे.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला अशी आगगाडी आलेली नाही. ज्या घरात त्या वाढल्या तेथे वडिलांच्या सोवळ्याने वेडाची सीमा गाठलेली होती. बाहेरून येणारी वस्तू शुद्ध करून घेण्यात घरातल्या बायकांचे आयुष्य जात होते. सत्तावनच्या बंडानंतर आजोबांना झालेल्या फाशीशी लक्ष्मीबाई या वेडाची सांगड घालतात. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्याच्याजवळ आल्या त्याही ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. एका संसारात दोन आचार, अशी ती अवघड व्यवस्था होती. आणि मग शिवाशिवीचे एकेक बंधन सैल होत गेले. माणसामाणसांतले हे भेद देवाने केलेले नसून माणसानेच केले आहेत, असे एकदा मनाशी ठरल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. पण ग्रंथ वाचणाऱ्याच्या लक्षात येते की त्या विधीने काही ठरविले नाही. जे स्वयंपाकघरात ठरले होते त्यावर त्याने फक्त तारीख घातली.

लक्ष्मीबाईंच्या या कथनाला आपल्या समीक्षेने 'सहज', 'प्रांजळ', 'विनोदी' अशी विशेषणे मनापासून दिली. ती चुकीची नाहीत. परंतु त्यांनी एक वैचारिक कार्य झाकले. ही शैली सहज आहे याचा अर्थ तिला सिद्धांत नाही असा होत नाही. मोठ्या घटना आणि चुलीजवळच्या गोष्टी यांना ती एकाच आवाजात सांगते. सांगताना कोणत्याही प्रसंगाला पुढच्या परिणामाचे वजन आगाऊ देत नाही. सोवळे सांभाळणारी लक्ष्मीबाई ही पुढे ख्रिस्ती होणारी लक्ष्मीबाई आहे अशी सूचना देऊन ती तिला अडाणी ठरवीत नाही. त्या वेळचे तिचे सोवळे तिला मनापासून खरे वाटत होते, एवढेच दाखविते. नंतरचे ठाऊक असूनही आधीच्या काळाला त्याची अनिश्चितता परत देणे, ही कथनाच्या दृष्टीने मोठी अवघड गोष्ट आहे. मॉर्सन ज्या सावल्यांविषयी लिहितो त्या येथे साठ वर्षे आधी आहेत.

आणि येथेच त्याच्या मांडणीपेक्षा 'स्मृतिचित्रे' पुढे जाते. मॉर्सनचा भर व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर आहे : प्रत्येक साध्या क्षणी पर्याय असतात, फक्त त्यांकडे लक्ष नसते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत लक्ष नसण्याचा प्रश्नच नव्हता. शिवणे-न शिवणे यांवर त्यांचे लक्ष अहोरात्र होते. तसे ते असलेच पाहिजे अशी व्यवस्था होती. उणीव होती ती पर्यायाची. रूढी टिकते ती मोठ्या तत्त्वांनी नव्हे, तर रोज शेकडो वेळा केलेल्या बारीक कृतींनी. म्हणून तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्गही त्याच कृतींतून जातो. ज्या हातांनी आचार पाळला त्याच हातांनी, तितक्याच बारकाईने तो सोडावा लागतो. टिळकांनी धर्म बदलला. लक्ष्मीबाईंनी सवय बदलली, आणि दुसरे काम अधिक दीर्घ होते.

५

परंतु येथेही थांबता येणार नाही. लक्ष्मीबाईंजवळ सोडण्यासारखे काहीतरी होते. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय करण्याचा अधिकार त्यांना होता. ते पाणी देणाऱ्याला मात्र असा अधिकार नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. ओंजळभर पाणी पिण्याइतकी साधी, रोजची कृती दुसरी नाही. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने त्याआधीच केलेला होता. तरीही त्या ओंजळीनंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि त्या पाण्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ साल उजाडले. एकाच्या आयुष्यात जी कृती नजरेआड होण्याइतकी लहान, तीच दुसऱ्याच्या आयुष्यात इतिहासात नोंदली जाण्याइतकी मोठी असते. तेव्हा 'लहान' हे कृतीचे अंगभूत माप नव्हे. कृती करणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ते ठरते.

दलित आत्मकथने या दृष्टीने वाचली पाहिजेत. त्यांची चर्चा बहुधा 'दाहक अनुभव', 'विद्रोह' या शब्दांत झाली, म्हणजे पुन्हा ठळक घटनांच्याच भाषेत. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना मात्र वेगळेच काही सांगते. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावे परस्परांसमोर बसतात. शहरात कोणते नाव सांगावयाचे, कोणत्या ओळखीने वावरावयाचे, कोठे बोलावयाचे आणि कोठे गप्प राहावयाचे, या रोजच्या बारीक निवडींतून हे दुभंगलेपण आलेले आहे. त्याला कोणतीही एक कलाटणी नाही. आणि या निवडी मुक्तही नाहीत. नाव सांगितले तर एक किंमत, लपविले तर दुसरी. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) हाच प्रश्न आणखी एका अंगाने येतो. जातीच्या बंधनातून शिक्षणाच्या आधारे बाहेर पडणाऱ्या स्त्रीला घरात पुन्हा शिकण्यासाठी, लिहिण्यासाठी, सभेला जाण्यासाठी तासातासाची घासाघीस करावी लागते. आईचे बांबूच्या वस्तू विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेला जे नाते दिसते, ते या बारीक, चिवट, न थांबणाऱ्या कामाचे आहे.

टॉलस्टॉयचा विचार येथे अपुरा पडतो, असे म्हणावेसे वाटते; पण तो खोटा ठरत नाही. उलट त्याला एक जोड मिळते. रशियन किंवा इंग्रजी कादंबरीतील नायक लहान कृतींकडे दुर्लक्ष करतो, कारण त्याला ते परवडते. ज्यांना ते कधीच परवडले नाही त्यांच्या लेखनात 'किंचित'चे भान आरंभापासूनच तीव्र असते. प्रश्न आहे तो वाचणाऱ्याच्या भानाचा.

६

शेवटी ज्या कादंबरीने मराठीत कलाटणीची अपेक्षाच मोडीत काढली तिच्याविषयी थोडे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) प्रसिद्ध झाल्यानंतर तिच्यात काही 'घडत' नाही, ही तक्रार झालीच. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकावयास येतो, वसतिगृहात मेसची सेक्रेटरीशिप अंगावर घेतो, मित्रांवर पैसे उधळतो, गॅदरिंगच्या भानगडीत पडतो, परीक्षेत मार खातो आणि गावी परततो. मनीचा मृत्यू ही एकच घटना रूढ अर्थाने मोठी. आणि समीक्षकांनी ती घट्ट धरली, हे समजण्यासारखे आहे. पण मनीच्या मृत्यूने पांडुरंग गावी येत नाही. त्याला गावी आणतात त्या चहाच्या उधाऱ्या, न वाचलेली पुस्तके, 'नाही' म्हणता न आलेल्या मैत्र्या.

या कादंबरीतील 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द गाजले, त्यांचे अनुकरणही झाले. बहुतेकांनी त्यांना तरुणाईच्या बोलीची लकब किंवा उपरोधाचे साधन मानले. प्रस्तुत विवेचनाच्या प्रकाशात त्यांचा आणखी एक अर्थ दिसतो. 'उदाहरणार्थ' म्हणणारा सांगतो की जे घडले ते अनेक शक्यतांपैकी एक होते. 'वगैरे' म्हणणारा सांगतो की मोजणीत न आलेले पुष्कळ काही शिल्लक आहे. स्वतःच्या आयुष्याकडे पाहताना त्याला अटळ कथानकाचे रूप देण्यास हा निवेदक भाषेच्या पातळीवरच नकार देतो. रास्कोल्निकोव्ह मागे वळतो आणि त्याला नियती दिसते. सांगवीकर मागे वळतो आणि त्याला 'वगैरे' दिसते. कोसला म्हणजे कोश. किडा तो स्वतःभोवती स्वतःच विणतो, आणि विणताना कोणत्या धाग्याने वाट बंद झाली हे सांगता येत नाही. पण धागा त्याचाच असतो. कादंबरीतील अर्थशून्यतेचे विवेचन आपण पुष्कळ केले. या धाग्याच्या मालकीचे फारसे केले नाही.

नियती हा शब्द मराठी समीक्षेला प्रिय आहे, आणि काही लेखकांच्या संदर्भात तो अपरिहार्यही असेल. परंतु तो वापरण्यापूर्वी एक पथ्य पाळावयास हवे. पात्राने ज्याला नियती म्हटले ती संहितेत खरोखर कोठे आहे, की पात्राच्या स्मरणात आहे. ज्याला घटना म्हटले तिच्या आधीची दहा पाने काय करीत होती. आणि त्या पानांतील कृती कोणाला लहान वाटत होत्या, कोणाला नाही, हे तपासले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात नाट्य नाही. पण ज्या साहित्यप्रकाराने नाट्य बाजूस ठेवून रोजच्या जगण्याकडे पाहण्याची हिंमत केली त्याचे वाचन तरी त्याच हिमतीने व्हावे, ही अपेक्षा गैर नाही.

हरि नारायण आपट्यांनी १८९० नंतर 'करमणूक'मधून यमूची कहाणी क्रमशः दिली तेव्हा सासरमाहेरच्या घरांतील बारीकसारीक बोलणी, रुसवे, शिकण्याचे चोरटे तास यांनी तिची पाने भरली होती. केशवपनाचा भीषण प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहिला. ज्या शेकडो लहान संमतींनी आणि मौनांनी तो शक्य केला त्या बहुधा राहिल्या नाहीत. त्या कादंबरीचे नावच मुळी तक्रार करणारे आहे : 'पण लक्षांत कोण घेतो!' ही तक्रार समाजाविरुद्ध होती, हे आपण मान्य केले. ती वाचकाविरुद्धही आहे, हे मान्य करण्याची वेळ आता आली आहे.